राजा, याजक आणि मशीहा: हा धागा टप्प्याटप्प्याने कसा वाचावा

मशीहा (इब्री शब्द, अर्थ ‘अभिषिक्त’) म्हणजे कोण, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं: दावीदाच्या वंशातला राजा. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र ज्यांनी वाचलंय ते पुढे सांगतात की तो प्रमुख याजकही आहे. हे दुसरं वाक्य आज चर्चमध्ये सहज उच्चारलं जातं. पहिल्या शतकात यरुशलेमात राहणाऱ्या माणसाला ते इतकं सहज वाटलं नसतं. राजमुकुट आणि वेदी एकाच माणसाच्या हाती असावी का, या प्रश्नावरून त्याच्या आजोबा-पणजोबांच्या काळात मंदिराच्या अंगणात रक्त सांडलं होतं.

हा वाद समजला नाही तर इब्री पत्राचा सातवा अध्याय नुसता अवघड वाटतो आणि मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांमध्ये सापडलेल्या प्राचीन यहुदी गुंडाळ्यांमधले ‘दोन मशीहा’ विचित्र वाटतात. वाद समजला की दोन्ही उलगडतात. म्हणून हा लेख वाचनाची वाट दाखवण्यासाठी लिहिलाय: कोणता उतारा आधी घ्यायचा, कोणता कशाशेजारी ठेवायचा आणि कुठे थांबायचं.

सोबत मराठी पवित्र शास्त्र हवं. मक्काबींची पुस्तकं प्रॉटेस्टंट आवृत्तीत नसतात, त्यासाठी कॅथलिक बायबल घ्या. एक वही लागेल. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचं एखादं इंग्रजी भाषांतर मिळालं तर उत्तमच.

पहिला टप्पा: वहीत चार प्रश्न लिहून ठेवा

प्रत्येक उताऱ्याला हेच चार प्रश्न विचारायचे. अभिषेक कोणाला होतोय? तो कोणत्या वंशाचा आहे? राजा आणि याजक दोघेही समोर असतील तर मान कोणाचा पहिला? आणि उतारा एका माणसाबद्दल बोलतोय की दोघांबद्दल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘सांगता येत नाही’ असं येईल. ते तसंच लिहा. घाईने एका बाजूला ढकलू नका, कारण पुढचे वाद नेमके याच जागांवरून उभे राहिले.

तेलाने अभिषेक दोघांनाही होत असे, हेही सुरुवातीलाच नोंदवा. लेवीय ४:३ मध्ये ‘अभिषिक्त’ म्हटलंय ते याजकाला, आणि १ शमुवेल २४:६ मध्ये शौल राजाला. म्हणजे मशीहा या पदवीवर राजघराण्याचा एकट्याचा हक्क कधीच नव्हता.

दुसरा टप्पा: आधी नियम वाचा

‘अनुवाद’ या पुस्तकातला १७:१४-२० आणि लेवीय ८ हे दोन उतारे एकापाठोपाठ वाचा. अनुवादातल्या राजाने घोडे, बायका आणि सोनं-चांदी वाढवायची नाही. लेवी याजकांजवळच्या नियमशास्त्राची नक्कल करून घ्यायची आणि ती जन्मभर वाचायची. राजाला देवाचा शब्द मिळतो तो याजकाकडून. लेवीय ८ मध्ये मोशे अहरोनाला आणि त्याच्या मुलांना वेगळं काढतो आणि तिथून याजकपण एका वंशाचं होतं. राजा यहूदा वंशातला, याजक लेवी वंशातला, अशी ही व्यवस्था.

या व्यवस्थेचा सर्वांत कडक धडा २ इतिहास २६:१६-२१ मध्ये आहे. उज्जीया राजा धूप जाळायला मंदिरात शिरतो, अजऱ्या याजक ऐंशी याजकांना घेऊन त्याला अडवतो आणि वेदीजवळच राजाच्या कपाळावर कोड उठतं. तो मरेपर्यंत वेगळ्या घरात राहतो.

तिसरा टप्पा: नियमात न बसणारे उतारे शेजारी ठेवा

आता २ शमुवेल ६ काढा. कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, यरुशलेमात येतोय. दावीद तागाचं एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, घालून नाचतोय, अर्पणं करतोय आणि लोकांना देवाच्या नावाने आशीर्वाद देतोय. कोणी त्याला अडवत नाही, कोडही उठत नाही. १ राजे ८ मध्ये शलमोनही वेदीसमोर उभा राहून मंदिराचं समर्पण करतो.

याहून बोलका पुरावा एका छोट्या ओळीत आहे. दावीदाच्या दरबाऱ्यांची यादी देताना २ शमुवेल ८:१८ चा मूळ इब्री मजकूर सांगतो की दावीदाचे मुलगे याजक होते. हीच यादी १ इतिहास १८:१७ मध्ये पुन्हा येते, तिथे ते राजाच्या हाताखालचे प्रमुख अधिकारी आहेत. ‘इतिहास’ या पुस्तकाचा लेखक बाबेलमधल्या बंदिवासानंतरचा आहे, त्याच्या काळी यहूदा वंशातला माणूस याजक असणं खपण्यासारखं नव्हतं. काही भाषांतरं शमुवेलच्या ओळीतही हा शब्द सौम्य करतात, म्हणून शक्य असेल तर दोन-तीन आवृत्त्या पडताळा.

मला हा सगळ्या वाचनातला कळीचा भाग वाटतो. यरुशलेमच्या जुन्या राजांकडे याजकपणाचा काही अंश होता आणि पुढच्या पिढ्यांना त्याची अडचण वाटू लागली, हे इथे शास्त्राच्या पानावरच दिसतं.

चौथा टप्पा: जखऱ्याच्या सहाव्या अध्यायावर वेळ घालवा

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळलं आणि दावीदाच्या सिंहासनावर कोणी उरलं नाही. इ.स.पू. ५२० च्या सुमारास, परतलेले लोक मंदिर पुन्हा बांधत असताना, पुढे दोन माणसं आहेत. जरुब्बाबेल हा यहोयाखीन राजाचा नातू, पण पारसी सम्राटाने नेमलेला प्रांताधिकारी. यहोशवा हा प्रमुख याजक. जखऱ्या ४ मध्ये एका दीपवृक्षाच्या दोन्ही बाजूंना जैतुनाची दोन झाडं दिसतात: पृथ्वीच्या प्रभूजवळ उभे असलेले दोघे अभिषिक्त. दोन झाडं आणि मध्ये एक दिवा. ही कल्पना पुढे फार दूरवर गेली.

मग ६:९-१५ सावकाश वाचा. बाबेलहून आलेल्या लोकांकडून सोनं-चांदी घेऊन मुकुट करायला संदेष्ट्याला सांगितलं जातं. इब्री मजकुरात ‘मुकुट’ अनेकवचनी आहे. तो ठेवायचा मात्र एकाच डोक्यावर, आणि ते डोकं यहोशवा याजकाचं. लगेच पुढे ‘अंकुर’ नावाच्या पुरुषाबद्दल बोलणं येतं, जो मंदिर बांधील आणि सिंहासनावर बसून राज्य करील. मंदिर बांधणार जरुब्बाबेल, असं चौथा अध्याय सांगून गेलाय. इथे त्याचं नावच नाही. तेराव्या ओळीत सिंहासनावर याजक असेल आणि ‘त्या दोघांमध्ये’ सलोखा राहील असं येतं. सिंहासनं दोन की एक? दुसरा मुकुट कोणाचा? जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी याजकाला अंकुराच्या उजव्या हाताला बसवून दोन माणसं स्पष्ट वेगळी केली.

एके काळी इथे जरुब्बाबेलचं नाव होतं आणि राजकीय आशा मावळल्यावर ते गळालं, असं काही अभ्यासक मानतात. ते पटो न पटो, तुमच्या चौथ्या प्रश्नासमोर इथे मोठं प्रश्नचिन्ह काढा.

यिर्मया ३३:१४-२६ याच्याच जोडीला घ्या. दावीदाला सिंहासनावर बसणारा आणि लेवी याजकांना वेदीसमोर उभा राहणारा पुरुष कधीच कमी पडणार नाही, अशी जोडवचनं तिथे आहेत. यिर्मयाच्या जुन्या ग्रीक आवृत्तीत हा सबंध तुकडा नाही. त्यामुळे तो मागाहून आला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तसं असेल तर दोन खांबांची आशा कोणीतरी मुद्दाम, ठासून लिहून ठेवली.

पाचवा टप्पा: मक्काबींचा इतिहास टाळू नका

बायबल-अभ्यासात जुन्या कराराच्या शेवटच्या मलाखीवरून थेट नव्या कराराच्या पहिल्या मत्तयावर उडी मारायची सवय असते. या विषयात ती उडी सगळ्यात महाग पडते.

इ.स.पू. १६७ च्या सुमारास ग्रीक राजा अंतियोख याच्या जुलमाविरुद्ध मोदीन गावचा मत्तथ्या नावाचा याजक उठला. त्याच्या मुलांनी इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध केलं. हनुक्का हा सण त्याचाच. हे घराणं, म्हणजे हास्मोनी, अहरोनाच्या वंशातलं होतं, दावीदाच्या नव्हे. १ मक्काबी १०:२०-२१ वाचा: इ.स.पू. १५२ मध्ये परक्या राजाने मत्तथ्याचा मुलगा योनाथान याला प्रमुख याजक नेमलं आणि सोबत जांभळा झगा व सोन्याचा मुकुट पाठवला. योनाथानने याजकाची पवित्र वस्त्रं मंडपांच्या सणात अंगावर घातली. मग १४:४१: त्याचा भाऊ शिमोन हा ‘विश्वसनीय संदेष्टा उठेपर्यंत’ नेता आणि प्रमुख याजक राहील. ही अट अधोरेखित करा. ज्यांनी हा ठराव केला त्यांनाही व्यवस्था कायमची मानायची नव्हती.

पुढच्या पिढ्यांत संकोच संपला. शिमोनाचा नातू अरिस्तबूल याने इ.स.पू. १०४ मध्ये राजमुकुट चढवला असं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो. त्याच्या मागून आलेला अलेक्झांडर यान्नाय राजाही होता आणि प्रमुख याजकही. मंडपांच्या सणात तो वेदीपाशी उभा असताना लोकांनी हातातली सणाची महाळुंगं त्याच्यावर फेकून मारली आणि तू याजक व्हायच्या लायकीचा नाहीस असं ओरडून सांगितलं. त्याने सैनिक सोडले. जोसेफस मेलेल्यांचा आकडा सहा हजार देतो.

यान्नायची नाणी संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात, ती जरूर पाहा. काहींवर ‘यहोनाथान राजा’ असा इब्री लेख आहे. अशाच जुन्या नाण्यांवर नंतर दुसरा छाप मारलेला सापडतो: ‘योनाथान प्रमुख याजक आणि यहुद्यांची सभा’. एकाच तांब्याच्या तुकड्यावर आधी राजा, मग त्याच्यावर याजक. तालमूद या रब्बींच्या ग्रंथसंग्रहातही या राजाची आठवण आहे: राजमुकुट तुला पुरे, याजकपणाचा मुकुट अहरोनाच्या वंशासाठी सोड, असं त्याला सुनावलं गेलं.

सहावा टप्पा: या जखमेवरची दोन उत्तरं ताडून पाहा

पहिलं उत्तर शलमोनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्तोत्रांमधलं, विशेषतः सतरावं. (ही बायबलमधली स्तोत्रं नव्हेत, नंतरची आहेत.) रोमन सेनापती पाँपी इ.स.पू. ६३ मध्ये यरुशलेमात शिरल्यानंतरची ही रचना. ज्यांना वचन दिलं नव्हतं त्यांनी बळाने राज्य घेतलं आणि दावीदाचं सिंहासन उद्ध्वस्त केलं, असा तिचा आक्रोश आहे. बोट हास्मोन्यांकडे आहे. उपाय म्हणून मागणी येते ती दावीदपुत्राची. हा राजा यरुशलेम शुद्ध करतो, पण यज्ञ करत नाही.

दुसरं उत्तर कुमरानचं. १९४७ पासून तिथल्या गुहांमधून गुंडाळ्या मिळत गेल्या. तिथल्या यहुदी पंथाच्या नियमग्रंथात नवव्या स्तंभात ‘संदेष्टा आणि अहरोनाचे व इस्राएलाचे मशीहा येईपर्यंत’ असं वाक्य आहे: तीन व्यक्ती, त्यांतले दोघे अभिषिक्त. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या एका प्रतीत हा भाग नाही आणि याच पंथाच्या दमास्कस ग्रंथात ‘अहरोनाचा व इस्राएलाचा मशीहा’ एकवचनी येतो. तेव्हा ‘कुमरानचे लोक दोन मशीहा मानत’ हे वाक्य वहीत लिहाल तर पुढे ‘काही ग्रंथांत’ एवढं जरूर घाला.

त्यांच्या एका छोट्या ग्रंथात शेवटच्या दिवसांतल्या पंक्तीचं वर्णन आहे. भाकर आणि द्राक्षारस समोर मांडलाय. याजकाच्या आधी कोणी हात पुढे करायचा नाही. याजक आशीर्वाद म्हणतो, आधी तो भाकरीला हात लावतो, आणि मग इस्राएलाचा मशीहा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे सापडणार नाही: राजा थांबतो, याजक पहिला. ‘बारा कुलपतींचे मृत्युलेख’ (याकोबाच्या बारा मुलांचे अखेरचे बोल) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात यहूदा स्वतः आपल्या मुलांना सांगतो की देवाने राज्य मला दिलं, याजकपण लेवीला, आणि राज्य याजकपणाच्या खाली ठेवलं. या ग्रंथावर ख्रिस्ती लेखकांचा हात फिरलाय, त्यामुळे तो वापरताना जपून.

या सगळ्यांत संदेष्टा हा तिसरा माणूसही सारखा डोकावतो. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी यहुदी) घरांत मलिद्याच्या विधीला एलियाहू हन्नबीचं स्मरण होतं. मलाखी ४:५ मध्ये त्या दिवसाआधी येणार म्हणून सांगितलेला एलीया तो हाच.

सातवा टप्पा: स्तोत्र ११० आणि उत्पत्ती १४ एकत्र वाचा

हे मुद्दाम इतक्या उशिरा ठेवलंय. आधी वाचलं तर इब्री पत्राचं उत्तर डोक्यात येऊन बसतं.

उत्पत्ती १४:१८-२० मध्ये लढाईहून परतणाऱ्या अब्रामासमोर (पुढे हाच अब्राहाम) मलकीसदेक येतो: शालेमाचा राजा आणि परात्पर देवाचा याजक. भाकर-द्राक्षारस देतो, आशीर्वाद देतो, दशमांश घेतो आणि निघून जातो. स्तोत्र ११० मध्ये सीयोनातल्या राजाला दोन गोष्टी सांगितल्या जातात: माझ्या उजवीकडे बस, आणि मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे तू युगानुयुग याजक आहेस. इथे लेवी नाही, अहरोन नाही. तिसऱ्या टप्प्यात नाचणारा दावीद आठवला तर ही ओळ कुठल्या मुळातून आली असेल याचा अंदाज येतो.

कुमरानच्या अकराव्या गुहेतल्या एका ग्रंथात हाच मलकीसदेक स्वर्गातला न्यायाधीश झालाय, दहाव्या योबेल पर्वात (योबेल म्हणजे सुमारे पन्नास वर्षांचं चक्र) बंदिवानांना सोडवणारा. जस्टिन मार्टर या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाच्या नोंदीनुसार यहुदी शिक्षक हे स्तोत्र हिज्कीया राजाबद्दल मानत. तालमूदात मत येतं की मलकीसदेकाने देवाच्या आधी अब्राहामाला धन्य म्हटलं, म्हणून याजकपण त्याच्याकडून काढून अब्राहामाला दिलं गेलं. तीन वेगळी वाचनं, तिन्ही वहीत घ्या.

आठवा टप्पा: आता इब्री लोकांस पत्र

आधी मार्क १२:३५-३७ आणि १४:६१-६२. दोन्हीकडे स्तोत्र ११० ची पहिलीच ओळ आहे, उजवीकडे बसण्याची. दुसऱ्या उताऱ्यात ती ऐकणारा खुद्द प्रमुख याजक आहे, आणि त्या काळी त्या पदावर कोणाला बसवायचं हे रोमन सुभेदार ठरवत. नव्या करारात पहिली ओळ जागोजागी येते. चौथी, याजकपणाची ओळ उद्धृत होते ती फक्त इब्री पत्रात. हे स्वतः शोधून खात्री करून घ्या.

५:५-६ मध्ये लेखक स्तोत्र २ आणि स्तोत्र ११० शेजारी ठेवतो: पुत्र म्हणून राजा, आणि शपथेने याजक. पण अडचण त्याला पुरती ठाऊक आहे. ७:१४ मध्ये तो सरळ कबूल करतो की आपला प्रभू यहूदाच्या वंशातला आणि त्या वंशाबद्दल मोशेने याजकपणाचं काही सांगितलेलं नाही. ८:४ मध्ये तर म्हणतो की तो पृथ्वीवर असता तर याजकच नसता. येशूला लेवी ठरवण्याची खटपट तो करत नाही. लूक १:५ आणि १:३६ जोडून मरीयेच्या नात्यातून अहरोनापर्यंत जाता आलं असतं. त्या वाटेला तो जात नाही.

त्याची वाट अशी: मलकीसदेकाची वंशावळ शास्त्रात नाही, म्हणजे वंशावळीशिवाय याजकपण असू शकतं. अब्राहामाने त्याला दशमांश दिला तेव्हा लेवी अजून अब्राहामाच्या पोटी होता, म्हणजे लेवीनेही दिला. आणि स्तोत्र ११० मोशेच्या नियमानंतरचं, म्हणून ती शपथ नियमाच्या वरची. युक्तिवाद आपल्याला पटवून घ्यायचा की नाही हा वेगळा भाग. पण यान्नायवर महाळुंगं का फेकली गेली हे माहीत असलेल्या वाचकासाठी हा माणूस केवढं धाडस करतोय ते बघा. हास्मोन्यांनी याजकपणावर राजेपण चढवलं. हा राजाच्या वंशातल्या, क्रूसावर मेलेल्या माणसाला याजक म्हणतोय आणि वेदी यरुशलेमातून उचलून स्वर्गात नेतोय.

एक गोष्ट निसटू देऊ नका: भाकर-द्राक्षारसाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. त्यात प्रभुभोजन पाहिलं ते नंतरच्यांनी, उदाहरणार्थ तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनने.

नववा टप्पा: पुढे काय झालं ते यहुदी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत पाहा

इ.स. ७० मध्ये मंदिर गेलं, पण जोडी गेली नाही. इ.स. १३२-१३५ च्या रोमविरुद्धच्या यहुदी बंडातली काही नाणी ‘शिमोन, इस्राएलाचा अधिपती’ म्हणतात, काही ‘एलाजार याजक’. शिमोन म्हणजे बंडाचा नेता बार कोखबा. रब्बी अकिवाने त्याला मशीहा राजा म्हटलं, तेव्हा योहानान बेन तोर्ता हा दुसरा रब्बी म्हणाला की तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी तो आलेला नसेल. जखऱ्याची दोन झाडं सहाशेहून अधिक वर्षांनी नाण्यांवर आली होती.

ख्रिस्ती बाजूला १ पेत्र २:९ आणि प्रकटीकरण १:६ हे निर्गम १९:६ च्या शेजारी ठेवा. सीनाय डोंगरापाशी सगळ्या लोकांना दिलेलं ‘याजकराज्य’ हे नाव आता मंडळीला लावलंय. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस हा राजा, याजक आणि संदेष्टा ही तिन्ही अभिषिक्त पदं ख्रिस्तात एकत्र मांडतो. वसईत किंवा गोव्यात कॅथलिक बाप्तिस्म्याला गेलात तर बाळाच्या डोक्याला क्रिझमा हे पवित्र तेल लावतानाच्या प्रार्थनेत हीच तीन पदं ऐकू येतील.

गटाने वाचणार असाल तर

दुसरा आणि तिसरा टप्पा एका बैठकीत होतात. जखऱ्याला स्वतंत्र बैठक द्या. मक्काबी आणि कुमरान एकत्र घ्या, नाण्यांची चित्रं फोनवर सगळ्यांना पाठवून ठेवा. स्तोत्र ११० च्या दिवशी इब्री पत्र उघडायचं नाही असं आधीच ठरवा आणि हिज्कीयाचं वाचन मांडायचं काम गटातल्या सर्वांत श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाकडे द्या. त्याने ते मनापासून मांडलं की पुढच्या बैठकीत सातवा अध्याय मोठ्याने, न थांबता, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. चर्चा त्यानंतर.